पुढच्या गाडीचा आवाज

३ फेब्रुवारी, रविवार, सकाळ

समस्त दुचाकीस्वार बंधूंनो! (समोर कोणी नाही. बायको भाजी निवडते आहे आणि तिने मान वर केलेली नाही. पण श्रोत्यांशिवाय मला लिहिता येत नाही.) बंधूंनो, आपला आवाज कोणी दाबला? गाडी कारखान्यातून बाहेर पडते तीच तोंडात बोळा कोंबून. त्या बोळ्याला ते सायलेन्सर म्हणतात. आपण पैसे मोजून मुकी गाडी घरी आणतो, वर पेढे वाटतो.

आता मुद्दा. आमच्या रायडर मंडळाच्या कॅप्टनच्या कंबरेने संप पुकारला आहे. वार्षिक राइडला पुढची गाडी यापुढे कोणाची, हे सतरा तारखेला नेहमीच्याच टेकडीवरच्या ट्रायलला ठरणार. गेली अकरा वर्षं शेवटची गाडी माझी. पंक्चर झालेले, चेन निसटलेले, झाडामागे गेलेले, सगळे गोळा करत मी पोचतो, तोवर चहा संपलेला असतो. मंडळात मला 'पूर्णविराम' म्हणतात. प्रेमाने म्हणतात, असं मी धरून चाललो आहे.

यंदा मी पुढे. ठराव एकमताने मंजूर. (मत एकच होतं.)

प्रतिस्पर्धी एकच, दातांचे डॉक्टर. त्यांची स्कूटर आमच्या फ्रीजइतका आवाज करते, आणि आमचा फ्रीज नवा आहे. नेत्याचा आवाज शेवटच्या माणसापर्यंत पोचला पाहिजे, हे मी अनेक ग्रंथांत वाचलं आहे. ग्रंथांत एक्झॉस्टचा उल्लेख नाही, पण आशय तोच.

मेहुण्याचं स्पेअर पार्ट्सचं दुकान आहे. सायलेन्सर काढून त्या जागी मोठ्या आवाजाचा एक्झॉस्ट पाइप हवा म्हणून फोन केला. म्हणाला, पाठवतो, भावजी. चार बोल्ट, अर्ध्या तासाचं काम.

५ फेब्रुवारी, मंगळवार

एक्झॉस्ट आला. काय ती चकाकी. बायकोने विचारलं, याने काय होणार. आवाज वाढणार, म्हटलं. तिने विचारलं, घरात कमी पडत होता का. या बाईला व्यासपीठ मिळालं असतं तर माझं काही खरं नव्हतं.

९ फेब्रुवारी, शनिवार, संध्याकाळ

फिटिंग पूर्ण. चार बोल्टांपैकी तीन समंजस निघाले. चौथा गंजलेला, प्रतिगामी. त्याच्याशी आधी पान्याने बोललो, मग हातोड्याने. तो तुटला. मी नाही तुटलो. अर्ध्या तासाचं काम सकाळी सुरू करून दिवेलागणीला संपवलं. घाई मला मान्यच नाही.

एक तांब्याची रिंग उरली. जास्तीची दिली असावी. मेहुणा उदार आहे.

पाइपाच्या तोंडात एक छोटी नळी स्क्रूने बसवलेली होती. सोबतच्या कागदावर लिहिलं होतं की ती आवाज कमी करते, काढू नये. म्हणजे इथेही बोळा! ताबडतोब काढली.

गाडी सुरू केली. जिन्यातली काच थरथरली. माझेही डोळे पाणावले, काही अंशी धुरामुळे. मी वर घरी पोचतो तोच खालच्या मजल्यावरच्या बाळंतिणीची आई वर आली. बाळ आत्ता कुठे झोपलं होतं, असं त्यांचं म्हणणं. मी म्हणालो, इतिहास घडतो तेव्हा कोणाची तरी झोपमोड होतेच. बायकोने मला आत जायला सांगितलं आणि दारात उभी राहून बराच वेळ माझ्या वतीने माफी मागितली. मला न विचारता.

१० फेब्रुवारी, रविवार

पहिली फेरी. अभूतपूर्व. ॲक्सिलरेटर सोडला की मागून फाट, फाट, फाट. प्रत्येक सिग्नलला सलामी. फुटपाथवरचे एक गृहस्थ चक्क खाली बसले. लोकांत आदर अजून शिल्लक आहे.

पाइप निळा पडला. पँटही एका बाजूने भाजली. प्लग काढून पाहिला, पांढराशुभ्र. मेहुण्याला अभिमानाने कळवलं, आतून गाडी धुतल्या तांदळासारखी आहे. तो घाबरला. म्हणाला, पांढरा प्लग म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी. गाडी उपाशी चालली आहे, भावजी, इंजिन जाळाल. मोठं जेट टाका. जेट म्हणजे कार्ब्युरेटरमधली पितळी तोटी. तिच्या छिद्रातून इंजिनाला पेट्रोल मिळतं.

उपासमारीवर मी सलग दोन तास बोललेला माणूस आहे. आणि माझ्याच पार्किंगमध्ये उपासमार? धिक्कार असो. माझा नाही, कंपनीचा.

१३ फेब्रुवारी, बुधवार

जेटचा संच आला. सोबत मेहुण्याची सूचना: छोट्यापासून सुरुवात करा, एकेक नंबर चढा, दर वेळी प्लगचा रंग बघा, तपकिरी आला की थांबा. टप्प्याटप्प्याने! शतकानुशतकं सगळ्या पीडितांना हेच सांगितलं गेलं आहे.

सगळ्यात मोठं जेट टाकलं. उपाशी माणसाला आपण चमच्याने मोजून वाढत नाही.

हवेचा स्क्रूही फिरवला. किती फिरवला ते मोजलं नाही. तपशिलात अडकणारे नेते होत नाहीत.

निकाल हाती आले. फटाके बंद. आवाज खर्जात गेला, एखाद्या ज्येष्ठ वक्त्यासारखा. मागून काळा धूर निघतो, पण तो मागे निघतो, मी पुढे असतो. हाताचा पेट्रोलचा वास जाता जात नाही. मुलीने ताट उचललं आणि बाल्कनीत जाऊन जेवली.

१५ फेब्रुवारी, शुक्रवार

बुधवारी टाकी भरली होती, आज रिझर्व्हला आली. पंपावरच्या माणसाने वाकून टाकीखाली पाहिलं आणि गळते का, म्हणून विचारलं. मी ओळखलं. मापात मारतात आणि वर चौकशी करतात. निषेध म्हणून फक्त अर्धी टाकी भरली. रविवारच्या ट्रायलला तेवढ्यात जाऊन येणं होतं, दर वर्षीचा हिशेब आहे.

मेहुण्याचा फोन. प्लगचा रंग काय? काळा, म्हटलं, दाट. लगेच दोन-तीन नंबर खाली या, म्हणाला. मी म्हणालो, माघार घेणारे आपण नव्हे. तो म्हणाला, ताईला फोन द्या. दिला नाही.

१६ फेब्रुवारी, शनिवार

कॅप्टनचा निर्णय आला: उद्या जाताना पुढे मी, येताना डॉक्टर. टेकडीवरच्या टपरीवर चहा, परतल्यावर मतदान. भाषण तयार आहे. नवी पँट काढून ठेवली.

बायको माझ्या शर्टाची काजळी घासत होती. अचानक थांबून तिने विचारलं, "तुम्ही पुढे गेलात, तर मागे कोण राहणार?"

"मागे काय, कोणीही राहील."

"नाव सांगा ना."

नाव मला आठवलं नाही. सगळेच पुढचे आहेत. ती पुन्हा शर्टाकडे वळली. हिला संघटनेतलं काही कळत नाही.

१७ फेब्रुवारी, रविवार, सकाळ

निघालो! सगळ्यांच्या पुढे मी. डॉक्टरांनी हात वर करून शुभेच्छा दिल्या. दुसरा हात नाकावर होता.

तोच दिवस, दुपार. रस्त्याच्या कडेला

टँकवरच्या बॅगेत ही वही होती म्हणून लिहितो आहे.

पहिला अर्धा तास सर्वोत्तम. समोर मोकळा रस्ता. अकरा वर्षांत पहिल्यांदा मला कोणाची पाठ दिसली नाही. आरशात धूर होता, धुरामागे मंडळ असणार. धूर विरळ झाला तेव्हा आरसा रिकामा होता. वाटलं, वेग त्यांना झेपला नाही. मनात त्यांना क्षमा केली.

मग टेकडी येईना. ती आतापर्यंत यायला हवी होती. इथे एक गोष्ट नोंदवतो, फक्त स्वतःसाठी. टेकडीचा रस्ता मला माहीत नाही. इतकी वर्षं मी पुढच्याचा लाल दिवा बघत गेलो आणि तो वळला की वळलो. वळण कुठे आहे, हे बघायचं काम माझं कधी नव्हतंच. माझ्या मागे असलेल्यांना ते पाठ होतं. ते वळले. आवाज दिलाही असेल. माझ्या एक्झॉस्टपुढे मला ऐकू येण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

गाडीने दोन आचके दिले. रिझर्व्हची चावी फिरवली, ती आधीच फिरलेली होती. टाकी कोरडी. प्लग काढला, चुलीतल्या कोळशासारखा.

आता इथे फार शांत आहे.

फोनवर एकही मिस्ड कॉल नाही. ग्रुपवर डॉक्टरांनी फोटो टाकला आहे. टपरी, चहा, सगळे हसतायत. खाली लिहिलं आहे: 'चौदा. सगळे सुखरूप. कोणी मागे राहिलं नाही.' त्यावर अंगठेच अंगठे. कॅप्टनचाही.

चौदा हा आकडा माझाच. दर वर्षी टपरीवर पोचलो की मी गाडीवरूनच डोकी मोजायचो आणि ओरडायचो, चौदा, सगळे आले! मी मोजणारा, स्वतःला कधी धरलं नाही. मंडळाला तोच आकडा पाठ झाला. डॉक्टरांचं काही चुकलं नाही.

डॉक्टरांना फोन लावला. रिंग जाते, उचलत नाहीत. कॅप्टनचीही जाते. दुसरा चहा सुरू असावा. पुढच्या गाडीसाठी माझा अर्ज मी या वहीत मागे घेतो आहे. तो तिकडे कोणी विचारात घेतला असेल तर.

बायकोला फोन केला. तिने विचारलं, कुठे आहात? मी म्हणालो, सगळ्यांच्या पुढे. ती हसली नाही. म्हणाली, तिथेच थांबा, कॅप्टनच्या बायकोला फोन करते. मग म्हणाली, सावलीत बसा.

सावली नाही. गाडीच्या आडोशाला बसलो आहे.

बंधूंनो, भाषण रद्द. एकच मागणी आहे, आणि ती आत्ता. हातातले कप खाली ठेवा आणि डोकी पुन्हा एकदा मोजा.