माझ्याआधी पोचणारी

४ ऑगस्ट
सांगलीत आले एकदाची! स्टँडजवळ खोली मिळाली. घरमालकीण अर्जुनाकाकू एवढं बोलतात की श्वास कधी घेतात कोण जाणे. कवठे महांकाळहून आई रोज सकाळच्या एसटीत डबा ठेवणार, मी स्टँडवर जाऊन घ्यायचा. आप्पांनी बजावलंय, मेंढरांमागं फिरणाऱ्या घरातली पहिली बी.एस्सी. हुनार हायेस, नाव काढ. काढते की! आज दोन भाकरी आणि ठेचा फस्त करून खोलीभर नाचले.

२ सप्टेंबर
पहिल्या चाचणीत नापास. वाईट वाटायला हवं होतं. काहीच वाटलं नाही, आणि त्याचीच भीती वाटली. झोप नाही. भाकरी मातीसारखी लागते. वर्गातल्या समीक्षाला सांगितलं तर म्हणाली, लय विचार करतीस, सिनेमाला चल.

१३ सप्टेंबर
दिवसभर अंथरुणातून उठले नाही. कॉलेज बुडवलं. संध्याकाळी समीक्षाचा मेसेज आला, आज लॅबमध्ये किती हसवलंस गं. चेष्टा करत असेल.

१५ सप्टेंबर
स्टँडवर कंडक्टर म्हणाले, आवं ताई, डबा आत्ताच न्हेला की तुमी, लय खुशीत हुता. आईचा फोन आला. काल हसून बोललीस, तवा जिवात जीव आला, म्हणाली. काल मी फोन उचललाच नव्हता.

१९ सप्टेंबर
कॉलेजच्या जिन्यात कागद लावलाय. दोन आठवडे झोप नाही, भूक नाही, कशात मन लागत नाही, तर हे नैराश्य असू शकतं. तो आजार आहे, त्यावर उपचार आहेत, समुपदेशन कक्षात या. एकेक ओळ माझीच. तिथंच रडले. म्हणजे मी आळशी नाही. उद्या जाणार.

२० सप्टेंबर
कक्षातल्या रेश्मा मॅडमनी वही पुढे केली. मी कालच येऊन गेले होते म्हणे. ‘मी मजेत आहे, सहज आले’ असं लिहिलेलं. अक्षर माझं. सही माझी.
ती मी नव्हते, म्हटलं. मॅडम हसल्या नाहीत. तासभर ऐकलं. उद्या डॉक्टरकडे सोबत येतील. एकटी राहू नकोस म्हणाल्या, आईला फोनही त्यांनीच लावला. आई सकाळच्या एसटीनं येतेय.

२१ सप्टेंबर
ती खोलीतच आहे. माझा पिवळा ड्रेस घालून केस विंचरतेय— गुणगुणतेय.
माझे पाय उचलत नाहीत.
खालून काकूंनी हाक मारली, प्रांजल, आई आली गं तुजी.
ती दाराकडे निघाली. हसू नीट बसवतेय. ते हसू बघून आई फसेल, पोरगी बरी हाय म्हणत आल्या पावली परत—
जिन्यात आईला दम लागलाय. मी ओरडतेय, आवाज फुटत नाही— कडी काढली तिनं—
आई, दारातली हसत असली तरी आत ये. अंथरुणाकडे बघ. मी इथं—