माझा रेडिओ आणि उत्तमरावांची नजर

५ जानेवारी १९६४, रविवार. नांदुरा.
आजपासून रोज लिहायचं. पुढेमागे लोक विचारतील, भाऊराव, कापसाच्या जिनिंगमध्ये कारकुनी करता करता तुम्ही घरी रेडिओ कसा बनवला? तेव्हा नोंदी हाताशी हव्यात.
पोस्टाने येणारा रेडिओ इंजिनेरिंगचा कोर्स पूर्ण. परीक्षेचे पेपर पाठवले. सर्टिफिकेट यायचं आहे, पण ज्ञान आलेलं आहे.

७ जानेवारी, मंगळवार.
सासऱ्यांचं कार्ड. तुळशीरामजी सोनाळ्याला संत्र्याची बाग करतात. गेल्या महिन्यात नागपूर आकाशवाणीवाल्यांनी त्यांचं भाषण रेकॉर्ड करून घेतलं. २८ तारखेला, मंगळवारी, संध्याकाळी सातला शेतकऱ्यांच्या कार्यक्रमात लागणार. ते स्वतः इथे येऊन ऐकणार. खाली रुख्मिणीसाठी एक ओळ : त्यात तुह्या कामाचं एक बोलणं हाये, ध्यान देऊन आयकजो.
रुख्मिणीने कार्ड तीनदा वाचलं आणि कुंकवाच्या करंड्याखाली ठेवलं. म्हणाली, बा जन्मात कधी माह्याबद्दल बरं बोलले नाहीत, आता रेडिओत काय बोलले असतीन? मी म्हणालो, नवऱ्याने बनवलेल्या रेडिओवर बापाचं बोलणं ऐकशील. नांदुऱ्यात असं भाग्य कुणाचं आहे?
ती म्हणाली, आधी बनू तर द्या.

८ जानेवारी.
शेजारचे उत्तमराव अडतवाले सहज म्हणाले, आमच्या घरी सेट हाये, वयनीले घेऊन तिकडंच या ना. त्यांचा सेट बाजारातून आणलेला. आणणं वेगळं, बनवणं वेगळं. ज्या घरात इंजिनेर आहे त्या घरची बाई दुसऱ्याच्या दारात ऐकायला जाणार? नम्रपणे नाही म्हटलं. बोलताना ते आमच्या खिडकीतून टेबलावरच्या रेडिओच्या व्हॉल्व्हकडे फार वेळ पाहत होते. नोंद केली.

१० जानेवारी, शुक्रवार. संध्या. ७.२०
वाजला!!!
नागपूर. बाईचा आवाज, बातम्या, बाजारभाव, सगळं. मी उडी मारली ती फळीला डोकं लागलं. रुख्मिणी हसायला लागली, मीही. दोघं एकमेकांना बाजारभाव सांगत हसत होतो. सरकी, तूर, हरभरा, काहीही.

११ जानेवारी, शनिवार.
रुख्मिणीने सेटला दृष्ट लागू नये म्हणून लिंबू-मिरची बांधली. खोक्यावर खिळा नाही, म्हणून मागच्या दोन स्क्रूंना. वरच्या स्क्रूला छपरावरच्या एरियलची तार येते, खालच्या स्क्रूमधून अर्थची तार तुळशीजवळ जमिनीत जाते. दोन्हींच्या मध्ये धाग्यात ओवलेलं लिंबू, सात मिरच्या.
माझा या गोष्टींवर विश्वास नाही. पण उत्तमराव दोनदा दारावरून गेले. असू द्यावं.
संध्याकाळी भजन लागलं. स्वच्छ.

१२ जानेवारी, रविवार.
धागा कच्चा वाटला. इंजिनेरच्या घरी लिंबू धाग्यावर लोंबणं शोभत नाही. कॉइलची उरलेली तांब्याची तार घेतली, पॉलिश पेपरने घासून चकचकीत केली, लिंबू-मिरची त्यात ओवली, दोन्ही टोकं दोन्ही स्क्रूंना पक्की आवळली. रुख्मिणीला म्हटलं, आता वादळ आलं तरी पडणार नाही.

रात्री ८.
सेट बंद. नुसतं सूं. हवा खराब असावी.

१३ जानेवारी.
सूं.
पद्धतशीर जायचं. खोक्यात हात घातला, शॉक बसला. म्हणजे वीज येते. एक मुद्दा निकालात.
रुख्मिणी म्हणाली, धाग्यानं तं चालत होता, मंग तार लावाची गरज काय होती? बिचारी. विजेशी तिचा संबंध बटणापुरता.

१४ जानेवारी, संक्रांत.
व्हॉल्व्ह काढून पुन्हा बसवले. सूं. उलट्या क्रमाने बसवायला गेलो, बसत नाहीत. कंपनीने ती सोय ठेवलेली नाही.
हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना रुख्मिणीने रेडिओ दाखवला. उत्तमरावांच्या पुष्पाबाईंनी विचारलं, मुका हाये का? तिळगूळ घेतला, पण गोड बोलणं त्यांना जमलं नाही.

१६ जानेवारी.
एरियल उंच केला. जुन्या बांबूला नवा बांबू. छपरावर वानर येऊन बसलं आणि मी काय करतो ते पाहत राहिलं. खालून अख्खी गल्ली पाहत होती. उत्तमरावही.
सूं. पण जास्त उंचीवरचं सूं.

१७ जानेवारी.
कोर्सचं पुस्तक पुन्हा काढलं. जाड अक्षरात छापलंय : एरियल व अर्थ यांच्या तारा एकमेकींस कदापि लागू देऊ नयेत. ताबडतोब तपासलं. एक छपराकडे जाते, एक तुळशीकडे. कुठेही लागत नाहीत. मध्ये फक्त लिंबू आहे.
पुस्तकातला दोष आमच्याकडे नाही, हे सिद्ध झालं.

१८ जानेवारी, शनिवार.
आज उलगडा झाला!
सेट चालू ठेवून शिळं लिंबू काढलं आणि नवं ओवायला बसलो. तोच खोक्यातून शहनाई! इतकी मोठ्याने की मांजर पळालं. मी रुख्मिणीला हाक मारली, दोघं समोर बसलो, शहनाई पूर्ण ऐकली. डोळ्यांत पाणी आलं माझ्या, खरं सांगतो. मग घाईघाईने नवं लिंबू तारेने आवळलं. आणि बंद!
खिडकीतून पाहिलं तर कोण? उत्तमराव, हातात पिशवी, बाजारात निघालेले.
आता संशय उरला नाही. नजर. आणि साधीसुधी नाही, अडतवाल्याची. कापसाच्या गाठीकडे नुसतं बघून ओल सांगतो हा माणूस.
रुख्मिणी म्हणाली, अवो, लिंबू काढलं तं बोलला, बांधलं तं बसला. मी म्हणालो, तेच तर. एका लिंबाने भागत नाही.

१९ जानेवारी.
दोन लिंबं, चौदा मिरच्या, दुहेरी तार.

२१ जानेवारी.
सूं. रुख्मिणी परत म्हणाली, तार काढा ना बापा एकडाव. समजावलं की लढाई चालू असताना ढाल टाकत नसतात. ती करंड्याखालून कार्ड काढून बघत बसली. सात दिवस उरले.
संकल्प : २८ च्या आत काहीही करून.

२५ जानेवारी, शनिवार.
लिंबू बदलताना पुन्हा वाजला! नवं बांधल्यावर पुन्हा गेला. म्हणजे शनिवारी लहरी चांगल्या येतात आणि ताज्या लिंबाचा जोर काही मिनिटंच टिकतो. भाषण मंगळवारी. तर मंगळवारी ऐन वेळेला अगदी ताजं लिंबू हवं. झाडावरून तोडलेलं असलं तर उत्तम. योजना पक्की. असा हलका मी किती दिवसांत झोपलो नव्हतो.

२७ जानेवारी, सोमवार.
सासरे आले. पांढरं धोतर, टोपलीभर संत्री. सेटकडे बघून म्हणाले, जवाईबापू, हा बोलते का? मी म्हणालो, उद्या सातला. त्यांनी मान हलवली. रुख्मिणीने विचारलं, बा, काय बोलले तुमी माह्याबद्दल? ते म्हणाले, थे मशीनसमोर बोललो, तोंडावर नाही बोलता येत मले. उद्या आयक.
ती दिवसभर गुणगुणत होती.

२८ जानेवारी, मंगळवार. रात्री ८.
शांतपणे लिहितो.
सहालाच गल्ली जमली. सतरंजी अंथरली. उत्तमराव आणि पुष्पाबाई तेवढे आले नाहीत, ते त्यांच्या घरीच ऐकणार. बरंच झालं म्हटलं, नजर लांब राहिली. साडेसहाला शिळी लिंबं तारेसकट काढून खिशात घातली, सेट चालू ठेवला आणि ताजी आणायला बाजारात पळालो. मंगळवारी भाजीवाल्या माळणी लवकर दुकान आवरतात. शेवटी स्टेशनजवळ राहणाऱ्या केसरबाईच्या झाडाची दोन तोडून घेतली. चालता चालताच खिशातल्या तारेत ओवली.
गल्लीच्या तोंडाशी आलो आणि थबकलो. माझ्या घरातून सासऱ्यांचा आवाज येत होता. तोंडातून नव्हे, खोक्यातून! संत्रा, आळं, बुंधा, एकेक शब्द. मी चप्पल हातात घेऊन धावलो. घर गच्च. खिडकीत माणसं, दारात माणसं. सासरे स्वतःचाच आवाज ऐकून तोंडावर उपरणं धरून बसलेले. रुख्मिणी अगदी पुढे, गुडघ्यांना मिठी मारून. तिचा असा चेहरा लग्नातही पाहिला नव्हता. सगळे माझ्याकडे बघून हसले. कुणी म्हणालं, वाह रे इंजिनेर!
आणि त्या क्षणी मला धोका दिसला. पन्नास माणसं, शंभर डोळे, आणि सेट उघडा!
खोक्यातून सासरे म्हणत होते, डिंक्या रोगानं माही अर्धी बाग गेली होती, पण मंग माही पोरगी रुख्मिणी...
रुख्मिणी ओरडली, नोको, तार नोको! पण तोवर मी दोन्ही स्क्रू आवळले होते.
सूं.
तिने उठून माझा हात बाजूला सारला आणि तार ओढून काढली. लिंबं सतरंजीवर गडगडली. आवाज लगेच आला. पण आता खोक्यातली बाई सांगत होती, आत्ताच आपण ऐकलंत.
सासऱ्यांना मी विचारलं, पुढे काय होतं? गल्लीनेही विचारलं. ते म्हणाले, एकडाव बोललो ना. आणि उपरण्याने डोळे पुसत हात धुवायला गेले. लोक संत्री घेऊन घरी गेले. रुख्मिणीने वाढलं. माझ्याकडे पाहिलं नाही.

२९ जानेवारी, बुधवार.
सासरे पहिल्या बसने गेले.
नऊ वाजता पुष्पाबाई आल्या. दारातूनच म्हणाल्या, रुख्मिणी, अवं आयकलं काल आमी तुह्या बापाचं! आणि तिथेच उभ्या राहून सगळं सांगितलं. तुळशीरामजी म्हणाले होते, पोरगी बारा वर्साची होती, तिनं पाह्यलं का बुंध्याले पाणी लागलं का झाड सडते. माह्याशी भांडून तिनं बुंध्यापाशी मातीची भर घातली, पाण्याचं आळं दूर केलं. बाग तिनं वाचवली. मी सगळ्याइले माहीच अक्कल म्हणून सांगतलं. आज सांगतो, माही नाही, तिची होती.
रुख्मिणी उंबऱ्यावर बसली. म्हणाली, परत सांगा. पुष्पाबाईंनी परत सांगितलं. उत्तमरावही मागे येऊन उभे राहिले, राहिलेला शब्द त्यांनी भरला. त्यांची नजर, आता जवळून पाहिली तर, साधी आहे.
मला लाज वाटली. हे लिहून ठेवतो. नांदुऱ्यात सेट असलेल्या प्रत्येक घराने ते वाक्य ऐकलं, माझ्या घराने तेवढं नाही.

दुपारी ४.
रुख्मिणीने लिंबू धाग्यात ओवून सेटला बांधलं. सेट चालू आहे. गल्लीतल्या गोजरबाई विचारून गेल्या, रुख्मिणीच्या रेडिओवर आज काय लागते? मी त्यांचा शब्द सुधारला नाही.

५.३०
पोस्टमन. सर्टिफिकेट आलं. फर्स्ट क्लास. सोनेरी अक्षरं, शिक्का, सही. भिंतीवर लावायला खिळा सापडला, पण दोरी सापडेना.
रुख्मिणीने काल ओढून काढलेली ती चकचकीत तार आणून माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाली, हे घ्या. आता वादळ आलं तरी पडत नाही.