राहून गेलेली पाठवणी

मलकापूर,
६ जुलै २०२५

तीर्थस्वरूप तानुबाईस,
धाकट्या भावाचा, उकंडाचा साष्टांग नमस्कार.

बाई, पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न फोडताच बाजूला टाकशील, अशी धास्ती आहे. तसं केलंस तरी चूक माझीच. आठ वर्षांत खामगावला कितीदा येणं झालं, पण तुझ्या घराकडे पाय वळवला नाही. फोन हातात घेतो आणि परत ठेवून देतो, म्हणून लिहायला बसलो.

इकडे सगळं ठीक. पेरणी आटोपली. यंदा कपाशी कमी केली, तूर आणि भेंडी वाढवली. कौशल्येचा गुडघा तसाच आहे. पोरगा हरिओम दुकान सांभाळून शेतही बघतो.

एप्रिलमध्ये मी अर्पिताकडे आफ्रिकेत जाऊन आलो, हे तुझ्या कानावर आलंच असेल. कशासाठी गेलो होतो, ते मात्र कोणालाच माहीत नाही. कौशल्येला वाटलं, लेकीला भेटायला. मी तिला परत आणायला गेलो होतो. मलकापुरातल्या एका दवाखान्यात तिच्या नर्सच्या नोकरीचं बोलूनही ठेवलं होतं. तिच्या नवऱ्याचं काय, याचाही विचार केला होता. त्याचा धर्म त्याच्यापाशी, माझी पोरगी माझ्यापाशी. एवढाच विचार.

तो देश मलावी. माती आपल्यासारखी काळी नाही, तांबडी आहे. तिचा नवरा दीपक मला विमानतळावर घ्यायला आला होता. दोन तास गाडीत मी त्याच्याशी एक अक्षर बोललो नाही. मग एका वळणावर मीच ओरडलो, "थांबव, थांबव!" मक्याच्या ओळींमध्ये तूर उभी होती, बाई! छातीएवढी, हिरवीगार. उतरून पानं चुरगळली, वास घेतला. दीपक म्हणाला, "बाबा, इकडं घरोघरी तूर पेरतात." आठ वर्षांतलं आमचं ते पहिलं बोलणं.

त्यांचं घर दोन खोल्यांचं, विटांचं, वर पत्रे. मागे मेथी-कोथिंबिरीचे वाफे. पाणी शेवटच्या रोपापर्यंत जावं म्हणून मी तिला लहानपणी जसा उतार द्यायला शिकवलं होतं, तसाच दिलेला. शेजारच्या एका खोलीत ती बाळंतपणं करते. दीपक मिशनच्या शाळेत शिकवतो, रविवारी चर्चमध्ये प्रवचन करतो. पहिली दोन वर्षं गाव त्यांच्या दाराशी फिरकलं नव्हतं म्हणे. आलेत तसे चार दिवसांत जातील, असं सगळे धरून चालले होते. मी म्हटलं, तेच बरोबर होतं, आणि त्याच दिवशी जेवताना नोकरीचा विषय काढला. अर्पिताने उठून ताटं उचलली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मला चर्चच्या मागे घेऊन गेली. आंब्याखाली एक कबर होती. हातभर लांबीची, चुन्याने रंगवलेली.

"बाबा, हा शेखर," ती म्हणाली.

बाई, तुला हे ठाऊक होतं. तिने तुला कळवलं होतं. मला कोणी सांगितलंच नाही, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आलो. ते खोटं आहे. पाच वर्षांपूर्वी कौशल्या रडत रडत फोन माझ्यापुढे धरून उभी होती. "एक शबद तरी बोला हो तिच्यासंग. सतरा दिवसाचं लेकरू गेलं तिचं." मी म्हणालो, "ज्याच्यामागं गेली, त्यालेच सांग म्हणा." चपला घातल्या आणि शेतात गेलो. दिवसभर वांगी तोडली.

अर्पिताने त्यातलं काही काढलं नाही. तेच जास्त लागलं. तिने सांगितलं ते दुसरंच. "त्या दिवशी गावातल्या बाया न बोलावता आल्या, बाबा. तीन दिवस माह्यासंग भुईवर बसून राह्यल्या. मले त्यांची भाषाही धड येत नव्हती. कोणी पाणी पाजे, कोणी नुसतीच हात धरून बसे. त्या तीन दिवसांनी हे माहं घर झालं."

मी कबरीपाशी बसलो.

माझ्या परतीच्या आदल्या दुपारी त्यांचं अंगण बायांनी भरून गेलं. झालं असं, की चार वर्षांची नात, छकुली, 'आजोबा आईला न्यायला आले' असं गावभर सांगून आली होती, त्यांच्याच भाषेत! गावातली सगळ्यांत जुनी सुईण नाबांडा पुढे आली. ती बोलायची आणि दीपक मराठीत सांगायचा.

"तुम्ही बाप आहात. न्यायचं असेल तर आम्ही आडवं येणार नाही. पण इथे बसलेल्या प्रत्येकीचं लेकरू हिच्या हातावर जन्मलं आहे. ही आमचीही लेक आहे, एवढंच सांगायला आलो."

दीपकने "न्यायचं असेल तर" हे शब्दसुद्धा गाळले नाहीत. त्या क्षणी मला माझा जावई कळला.

मी उठलो. कोर्टात लग्न करून गेलेल्या पोरीला मी दारातून निरोपसुद्धा दिला नव्हता. तिचा हात धरला आणि नाबांडाच्या सुरकुतल्या हातात ठेवला. "न्याले नाही आलो मी. पोरीची पाठवणी करायची राह्यली होती, ती कराले आलो. आता तुमची आहे. सांभाळा तिले."

दीपकला 'पाठवणी'साठी तिकडचा शब्द सापडेना. शेवटी अर्पितानेच सांगितलं, रडत आणि हसत. मग त्या बायांनी जिभा हलवून असा जयघोष केला, की कोंबड्या उडून पत्र्यावर गेल्या! ढोल आला. मला मध्ये ओढलं. मी नाचलो, बाई. हरिओमच्या वरातीत न नाचलेला माणूस मी, धोतर खोचून नाचलो.

डिसेंबरमध्ये तिघंही महिनाभरासाठी येत आहेत. आमच्याच घरी उतरतील, पुढच्या दाराने येतील, नाताळ इथेच करतील. भावकीतल्या एकाने नाक मुरडलं. मी म्हटलं, "तुमचं ताट मांडून ठेवतो. या नाहीतर नका येऊ."

त्या लग्नात माहेरचं माणूस म्हणून तू एकटी उभी राहिलीस आणि त्याबद्दल मी तुझं तोंड पाहणं सोडलं. तू बरोबर होतीस. हे लिहायला मला आठ वर्षं लागली. लेक-जावयावरून भाकरतुकडा ओवाळायचा मान तुझाच. कौशल्या म्हणते, तानुबाई नसतील तर मी कोणाला आत घेणार नाही, तुम्हालाही नाही.

येत्या गुरुवारी खामगावला येतो. दारात उभं ठेवलंस तरी तू बोलेपर्यंत उभा राहीन.

अर्पिताचा बाप, दीपकचा सासरा,
शेखर आणि छकुलीचा आजोबा,
तुझा उकंडा