पाणी उघडं ठेवायचं

४ फेब्रुवारी, सोमवार

गच्चीवर ट्रे बसला एकदाचा! सगळ्या गल्लीत दिवसभर ऊन आमच्याच गच्चीवर, म्हणून मान आम्हाला. प्रयोगशाळेतली बाई आली होती — मी तिला पावडरवाली म्हणते. ट्रेच्या तळाला काच, काचेवर पिवळट पावडर चिकटवलेली. नाव कार्बन नायट्राइड. तीनदा विचारलं तेव्हा तोंडात बसलं. युरिया भट्टीत भाजून करतात म्हणे. उजेड पडला की ती पाण्यातला रंग फोडून टाकते. नुसत्या उजेडाने! माझा विश्वास नाही, तसं तोंडावर सांगितलं. ती हसली. म्हणाली, "काकू, तुम्ही फक्त झाकू नका."

रोज सकाळी विहिरीचं ताजं पाणी भरायचं, संध्याकाळी त्यातलं बाटलीत काढून ठेवायचं. रंग गेला तर विहिरीवर मोठी टाकी बसवणार. नाही गेला तर चालले दुसऱ्या गल्लीत.

जाऊ दे बाई तो रंग. धाकट्या लेकीच्या पायांकडे बघवत नाही. खाजवून खाजवून सालटी निघालीत. डॉक्टर म्हणतो पाणी बदला. बदला! जशी काय चप्पलच आहे.

५ फेब्रुवारी, मंगळवार

विहीर आज निळी. यांच्या रंगाईच्या कारखान्यात ज्या रंगाचा माल निघतो, तो रंग आमच्या बादलीत.

संध्याकाळी कामावरून येते तर ट्रेवर चादर! सासूबाईंचंच काम. जन्मभर एकच धोशा — पाणी झाकलंस का, पाणी झाकलंस का. विचारलं तर म्हणतात, मी नाही गं घातली, पण ज्याने घातली त्याने बरं केलं. वर तोंड करून!

बाटलीत निळं ते निळंच.

८ फेब्रुवारी, शुक्रवार

परत चादर, सलग चौथ्या दिवशी. मोरीपर्यंत जायला सासूबाईंना माझा खांदा लागतो, आणि गच्चीचा जिना बरा चढवतो! मी सकाळी बाहेर, धाकटी शाळेत, हे दुपारच्या पाळीपर्यंत झोपलेले. म्हातारीला रान मोकळं.

हे सांगत होते, कारखान्याचा मालक चिडलाय. टाकी बसली की हा रंग कुणाचा म्हणून चौकशी येणार, त्यापेक्षा कुलूप लावून दुसरीकडे जातो म्हणाला. मी म्हटलं, लावू दे की. बोलून गेले.

११ फेब्रुवारी, सोमवार

पावडरवाली आली. सगळ्या बाटल्या निळ्या; काल रविवारी तर दिवसभर ढगच. तिचं तोंड एवढंसं झालं. प्रयोगशाळेत तर रंग जातो हो काकू, म्हणाली. चादरीचं मी सांगितलं नाही. काय सांगणार — आमची म्हातारी ऐकत नाही? पुढच्या सोमवारी संध्याकाळी तिचा साहेब येणार. त्या दिवशीचं पाणी बघायचं आणि ठरवायचं. बस.

१२ फेब्रुवारी, मंगळवार

सासूबाईंना नणंदेकडे पाठवलं. पिशवी यांनीच उचलली, खाली मान घालून. सासूबाई दारात थांबल्या. "मी खरंच नाही गं."

१३ फेब्रुवारी, बुधवार

चादर!

१४ फेब्रुवारी, गुरुवार

चादरीच्या कडेला बोटं उमटलीत. चार, निळी. लग्न झाल्यापासून कपाच्या कानावरून हीच बोटं घासत आलेय मी.

विचारलं. हात ताटातच राहिला यांचा. म्हणाले, "या वयात मला दुसरीकडे कोण घेणार? दुसरं काय येतं मला?"

मी म्हटलं, धाकटीचे पाय बघा. नाही बघितले. आईला घालवली तेव्हा तोंड शिवलं होतं का, तेही विचारलं. कुणाला ओरडू? परवापर्यंत म्हातारी तरी होती.

१७ फेब्रुवारी, रविवार

सुट्टी. भरलेल्या ट्रेपाशी राखण करत बसले. दुपार कलली तशी निळाई फिकी पडत गेली, आणि मग — पाण्यासारखं पाणी! तळाची पिवळी काच दिसली. धाकटीने बाटली उजेडात धरली. म्हणाली, "आई, ह्यात काहीच नाही!" किती हसली पोरगी.

हे वर आले. बाटलीकडे बघत राहिले. हातात घेतली नाही. उद्याच येतोय ना साहेब, एवढंच म्हणाले आणि खाली गेले. जिन्यात बसून राहिले होते कितीतरी वेळ. मला खाली जायचं होतं, पण ओलांडून जाववेना.

१८ फेब्रुवारी, सोमवार

कामावर गेले नाही. कालची बाटली मोरीत ओतली. मग सासूबाईंना घेऊन आले. दारातच विचारलं त्यांनी, पाणी झाकलंस का गं?

म्हटलं, हो. आज मीच झाकलं.