डाव्या स्टँडवरून उजवीकडे

६ एप्रिल, रविवार. संध्याकाळी ५.
आमच्या जुन्या मोटरसायकलवाल्यांच्या क्लबची हंगामातली पहिली फेरी. कॅफेसमोर अठरा गाड्या रांगेत उभ्या. पडली एकच. माझी. साइड स्टँड डावीकडे आणि गाडी पडली उजवीकडे! वारा होता. सगळ्यांनाच होता म्हणे. असेल. माझ्या जागेवर जास्त होता.
लोल्के, क्लबातला मेकॅनिक, कप हातात धरून म्हणाला, वोप्के, तुझ्या स्प्रिंगा बसल्यात. गाडी खाली आली, स्टँड आहे तेवढाच राहिला. मग ती कलायला हवी तेवढी कलतच नाही, खांबासारखी सरळ उभी राहते. अशी गाडी फुंकर मारली तरी पलीकडे पडणार. शॉकअप बदलून टाक.
बदलून टाक म्हणे! १९७८ची गाडी, एकूणएक पार्ट मूळचा. लोल्केच्या गाडीत मूळचा फक्त हॉर्न उरलाय. बदलणार नाही. जीव गेला तरी नाही.

त्याच दिवशी, जेवणानंतर.
हिंकेला, म्हणजे बायकोला, गाडी पडल्याचं कळलंच. क्लबातल्या बायका असतातच सांगायला. भांडी पुसता पुसता म्हणाली, जी गाडी स्वतःच्या पायावर उभी राहत नाही, तिच्यावर मी बसणार नाही. विषय संपला.
१४ जूनला लग्नाला चाळीस वर्षं होतात. लग्नाच्या दिवशी याच गाडीवरून समुद्रातल्या मोठ्या बांधावरून गेलो होतो, या टोकापासून त्या टोकापर्यंत बत्तीस किलोमीटर. मी पुढे, ती मागे, पांढरा झगा गुडघ्यांखाली दाबून. पुन्हा तसंच जायचं ठरलंय. ती नसेल तर मला तिकडे जाण्यात काडीचा रस नाही. हे तिला सांगितलं नाही. सांगितलं की डोक्यावर बसतात.

७ एप्रिल.
लोल्के काल निघताना म्हणाला, नाचता येईना अंगण वाकडं. हे मला! तीस वर्षं पाणी-मंडळात जमिनीची पातळी मोजण्यात घालवली मी. आज पाणसळ घेऊन कॅफेसमोर तीन तास मोजलं. अंगण खरंच वाकडं आहे. दोन मीटरला चार मिलिमीटर. नगरपालिकेला पत्र टाकलं. रजिस्टर्ड.

१२ एप्रिल, शनिवार.
संकल्प: साइड स्टँड बंद, यापुढे डबल स्टँड. सकाळी नऊला गाडी स्टँडवर घ्यायला लागलो. साडेनऊला पायरीवर बसून घेतलं. पूर्वी एका झटक्यात चढायची, आता ढिम्म हलत नाही. कारण: कालचं वाटाण्याचं सूप. फार जड होतं.
हिंके खिडकीतून म्हणाली, अरे, ती खाली बसलीय, मग तुला जास्त उचलावं लागणारच. या बायका मेकॅनिक कधीपासून झाल्या?
तिच्या कमरेला पुन्हा पट्टा. डॉक्टर म्हणतात, मणक्याला कसले तरी दणके बसलेत, वर्षानुवर्षं. सोफ्याचे असणार. तो सोफा मला पहिल्यापासून पसंत नव्हता.

२४ एप्रिल.
नगरपालिकेतून मारित नावाची मुलगी आली. हातात लेझरचं यंत्र. पाच मिनिटांत मोजून मोकळी. म्हणाली, काका, एवढा उतार पावसाचं पाणी वाहून जायला ठेवतातच. आणि तो डावीकडे आहे. तुमची गाडी पडली उजवीकडे.
मी म्हटलं, यंत्र तपासून घ्या. कॅफेवाला हसत होता. त्याच्याकडे आता जायचं नाही. निदान आठवडाभर.

३ मे, शनिवार.
सापडलं! दोन्ही चाकांखाली एकेक फळी ठेवायची. फळी तीन सेंटिमीटर जाड. गाडी तेवढी वर, स्टँड जमिनीवरच, गाडी झकास कलते. एवढं साधं लोल्केला सुचू नये? ओकच्या दोन फळ्या कापून मागच्या कॅरिअरला बांधल्या. जिथे थांबायचं तिथे टाकायच्या. डोकं लागतं.

११ मे, रविवार.
फळ्या जड आहेत. त्यांच्या वजनानं गाडी अजून खाली जाते. म्हणजे आता पाच सेंटिमीटरच्या फळ्या हव्यात. पण त्या आणखी जड असणार. विचार चालू आहे.
क्लबवाले विचारत होते, वोप्के, लाकडाची वखार कधी काढलीस? हसा लेको. मूळच्या स्प्रिंगा असलेला माणूस तुमच्यात एकच आहे.

१८ मे, रविवार. सकाळी ११.
दोष गाडीचा नाही, स्प्रिंगांचा तर नाहीच. स्टँड लांब आहे. पहिल्यापासून लांब असणार, कुणी मोजलाच नाही. करवत घेतली, तीन सेंटिमीटर कापला, खालची चकती पुन्हा वेल्ड केली.
दुपारी २. उभी आहे. छान कलून.
दुपारी ४. उभी आहे. वारा सुटलाय, तरी.
संध्याकाळी ७. उभी! लोल्केला फोन केला. तो म्हणाला, काय? मूळचा स्टँड कापलास? मी म्हटलं, कापला, बदलला नाही. दोन्हींत फरक आहे. आणि फोन ठेवून दिला.

१९ मे.
हिंकेनं अंगणात येऊन गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या. हातानं ढकलून पाहिलं. म्हणाली, बरं, १ जूनला मागे बसून बघते. जिंकलो! कॉफीबरोबर तिनं मला दुसरं बिस्किट दिलं. चाळीस वर्षांत न मागता पहिल्यांदा.

१ जून, रविवार.
घटना जशी घडली तशी लिहितो, म्हणजे नंतर कुणी तिखटमीठ लावायला नको. गाडी स्टँडवर उभी. हिंके डबा-थर्मासची टोपली घेऊन मागच्या सीटवर बसली. गाडी मागून खाली गेली, चाक मडगार्डला टेकलं. मग हळूहळू सरळ झाली. मग उजवीकडे निघाली. हिंकेनं उडी मारली. या वयात काय उडी! मी उजव्या बाजूला उभा राहून कौतुकानं तिच्याकडे बघत होतो, गाडी आली माझ्या पायावर. पाय काढता आला असता, मुद्दामच काढला नाही. टाकीला पोचा पडला असता.
पोचा पडला नाही. पाय मोडला. सहा आठवडे प्लास्टर.

५ जून.
लोल्के नवे शॉकअप खोक्यात घालून दारात हजर. म्हणाला, हट्ट सोड रे, तुझ्यासाठी नको तर तिच्या पाठीसाठी तरी. दारातूनच परत पाठवला. आमच्या घरातल्या पाठींची काळजी याला कशाला? जाताना विचारत होता, १४ तारखेला कसा चालवशील? मी म्हटलं, हाडं माझी आहेत, माझं ऐकतील.

१४ जून, शनिवार. सकाळी ७.
हाडांनी ऐकलं नाही. हिंके जॅकेट-हेल्मेट घालून अंगणात उभी. म्हणाली, मी चालवते, तू मागे बस. लायसन्स तिच्याकडे माझ्याही आधीपासून आहे, हे खरं. पण ही गाडी जड, हिला माझ्या हाताची सवय. तसं सांगितलं. ती म्हणाली, मग घरी बसतोस?
बसतो मागे. पाच मिनिटांत हात भरून येतील तिचे, मग येईल परत.

१४ जून. संध्याकाळी ६.
उभ्यानं लिहितोय. बसवत नाही.
हात भरून आले नाहीत तिचे. मागच्या सीटवर मी आयुष्यात बसलो नव्हतो, वेळच आली नव्हती. आधी उसळी येते. मग दणका, थेट माकडहाडावर. बांधावरच्या पुलाच्या सांध्यांवर तर आई आठवली. हळू घे, हळू घे म्हणून मी बोंबललो. तिला ऐकूच गेलं नाही. वाऱ्यात मागच्याचं पुढच्याला ऐकू येतच नाही.
मला वाटायचं, मागे ती गप्प असते म्हणजे मजेत असते.
पलीकडे पोचल्यावर तिनं थर्मास उघडला. मी विचारलं, हे असं नेहमीच व्हायचं का गं? ती म्हणाली, नाही, लग्नाच्या दिवशी छान होतं. मला फार वाईट वाटलं. कॉफी थंड झाली तरी पिववेना.

२१ जून, शनिवार.
शॉकअप बदलून घेतले. लोल्केचं ऐकून नव्हे. बांधावरचा रस्ता खराब झालाय, म्हणून.
नव्या शॉकअपमुळे गाडी चार सेंटिमीटर वर आली. कापलेला स्टँड आता आखूड पडतो. सकाळी पडली. डावीकडे. बाजू तरी बरोबर आहे.
हिंकेला म्हटलं, आता मागे अगदी गादीवर बसल्यासारखं वाटेल, बसशील ना? तिनं विचार केला. म्हणाली, नको, मला पुढं बरं वाटतं.
उद्या क्लबची फेरी आहे. मला दहा वाजता तयार राहायला सांगितलंय.