पेन्सिल न लावलेला फोटो

७ जानेवारी १९७३, रविवार. नगर

काल दुपारच्या टपालानं इंग्लंडचं पत्र आलं!! 'इंग्रजीच्या शिक्षिका' म्हणून घ्यायला तयार आहेत. सप्टेंबरपासून. मुलींची निवासी शाळा, गाव लहान, मागे टेकडी. शब्द टाकला तो आमच्या मिसबाईंनी. वसतिगृहात त्यांनीच मला इंग्रजी शिकवलं, आता निवृत्त होऊन मायदेशी राहतात. पण शब्द नुसता टाकून चालत नाही, तो झेलावाही लागतो. माझं पत्रातलं इंग्रजी शाळेला 'निर्दोष' वाटलं. मला ते आधीपासून ठाऊक होतं, पण इंग्रजांकडून ऐकायला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. फोटोही 'अत्यंत प्रसन्न' आहे म्हणे.

आज उपासनेत लक्ष नव्हतं. तिसऱ्या गीताला मी मनातल्या मनात ट्रंक भरत होते. पाळकसाहेबांनी दोनदा माझ्याकडे पाहिलं.

११ जाने.

लीलाचं पत्र. दोन वर्षांपूर्वी आमच्याच शाळेत शिकवायची, आता इथियोपियात सरकारी शाळेत इंग्रजी शिकवते. त्यांचं सरकार हिंदुस्थानी शिक्षक घेतंय, अर्जाचा कोरा फॉर्म तिनं सोबत धाडलाय. लिहिते, "रूथ, इंग्लंडला जायची तुला हौस आहे. इथं तुझी गरज आहे."

गरज! माझी गरज इथंही आहे. नववीच्या तीन रांगा रिकाम्या, मुली दुष्काळी कामावर खडी फोडायला गेल्या. नळ दोन दिवसांआड.

फॉर्म ट्रंकेच्या तळाशी टाकला. ज्यांना इंग्लंड मिळत नाही त्यांनी आफ्रिकेत जावं. मला मिळालंय. लीलाला लगेच उत्तरही लिहून टाकलं, चांगलं चुरचुरीत.

२१ जाने., रविवार. श्रीरामपूर

पहिल्या एस. टी. नं आले. कालव्याच्या कडेचा ऊस हिरवा दिसला, डोळे निवले. बाबा अंगणात खुर्ची टाकून पेपर वाचत होते, जन्मभर शाळामास्तर, अजून पेपरातल्या चुकांवर लाल पेन्सिल मारतात. पत्र चारदा वाचलं. एकही खूण केली नाही, म्हणजे पास.

आत्याला फक्त फोटोचं कळलं. "बघ! म्या काढायला लावला म्हनून कामाला आला."

खरं आहे. तीन वर्षांपूर्वी लग्नासाठी तिनंच मला कापड बाजारात नानांच्या स्टुडिओत नेलं. तोंडावर पावडर, हनुवटी वर, आणि मग नानांची करामत: निगेटिव्हवर शिसपेन्सिल फिरवतात, जिथं फिरवतील तिथं माणूस छापताना गोरं होतं. नगर जिल्ह्यातल्या निम्म्या सुना अशा गोऱ्या होऊन सासरी गेल्यात. सासरी पोचल्यावर जे व्हायचं ते होतं. माझं मात्र गेल्यावर नाही, आधीच झालं. दोन स्थळांनी फोटो पसंत केला, मुलगी नाही.

उरलेल्या प्रतींतली एक मी इं. ला पाठवली. नवा काढायचा कंटाळा, असं कारण स्वतःला दिलं. रोजनिशीत तरी खरं लिहावं. मला तो फोटो आवडतो.

२ फेब्रुवारी

इं. च्या मुख्याध्यापिकांचं दुसरं पत्र. खोली कुठली, थंडीचे कपडे काय आणावेत, सगळं मायेनं लिहिलंय. आणि शेवटी: "मिस डॅनियल, तुमचे आजोबा इंग्लंडच्या कोणत्या भागातून हिंदुस्थानात आले? आमच्याकडे एक डॅनियल कुटुंब आहे, कदाचित नातं निघेल."

स्टाफरूममध्ये एकटीच मोठ्यानं हसले. चित्रकलेच्या बाई म्हणाल्या, बरं आहे ना?

मग हसू गेलं. डॅनियल हे बाबांचं नाव, तेच मी आडनावासारखं लावते, आमच्यात बरेच जण लावतात. त्यावर नानांची पेन्सिल. यांनी आपली एक गोरी मुलगी नेमली आहे, हिंदुस्थानात अडकून पडलेली. मिसबाईंनी माझा रंग कळवला नसणार. त्यांना कधी तो दिसलाच नाही, का कळवावासा वाटला नाही, देव जाणे.

४ फेब्रु., रविवार

गप्प बसले तर? सप्टेंबरात बोटीतून उतरेन. समुद्राच्या उन्हानं रापले म्हणून सांगेन. मग काय करतील, परत पाठवतील?

पाठवतीलही. दोन स्थळांनी हेच केलं होतं. पोहे खाऊन.

६ फेब्रु.

शाळा सुटल्यावर नानांकडे. म्हटलं, नाना, नवा फोटो हवा, पेन्सिल लावायची नाही.

"लग्नाचा का पासपोटचा?"

"नोकरीचा."

"मग तर लावलीच पायजे. ताई, पेन्सिल न्हाई म्हंजे तोंड न धुता भायेर पडल्यागत हाय. लोकं म्हनतील नानाचा हात गेला."

मी म्हटलं, मला माझ्यासारखीच काढा. त्यावर नाना जरा रागावलेच. "आतापतुर खोटं काढलं व्हय मी? समद्यांच्या मनात असतं तसं काढतो. तुमच्या आत्याबाईंच्या मनात जे हुतं ते काढलं."

माझ्याही मनात तेच होतं की.

पावडर नाकारली. हनुवटी आपोआप वर गेली, ती राहू दिली.

९ फेब्रु.

फोटो मिळाले. काळी दिसते. छान दिसते. दोन्ही एकदम, हे आजवर कोणी सांगितलं नव्हतं.

इं. ला धाडला, सोबत पत्र. लिहिलं की आजोबा इंग्लंडच्या नाही, बेलापूरजवळच्या, प्रवरेच्या काठच्या भागातले. गावकुसाबाहेरचे. गावच्या शाळेत त्यांना आत घेत नव्हते म्हणून ओसरीवर बसून, खिडकीतून फळा बघत शिकले, पुढे स्वतः मास्तर झाले. तेव्हा नातं निघालंच तर मला आनंद होईल.

शेवटचं वाक्य खोडसाळ आहे. ठेवलं.

१९ फेब्रु.

लीलाचं उत्तर. माझ्या त्या चुरचुरीत पत्रात मी विचारलं होतं, त्या काळ्या काळ्या पोरांना शिकवताना भीती नाही वाटत का गं? तिनं एवढंच लिहिलंय: "तुझं हे वाक्य माझ्या वर्गाला वाचून दाखवू का? इंग्रजी चांगलं आहे त्यांचं, समजेल."

पत्र मिटलं, परत उघडलं. मी, रूथ डॅनियल, जिला आत्या लहानपणी हळदीनं घासून काढायची. मी हे लिहिलं. इं. च्या बाईंनी मला काय केलं त्यावर पंधरा दिवस फणफणतेय, आणि मी न पाहिलेल्या मुलांना तेच त्याआधी करून बसले. लाज वाटली. अजून वाटतेय.

खाली तिनं खरंखुरंही लिहिलंय. तिथंही सगळं गोड नाही. एक खासगी शाळा आहे, तिथल्या पालकांना गोरेच मास्तर हवेत. सरकारी शाळेत तसं नाही. पहिल्या दिवशी मुलांनी तिची वेणी ओढून पाहिली, आणि तिच्या 'व्ही' च्या उच्चाराला हसली. मग शिकायला बसली.

२६ फेब्रु.

नववीत नकाशा लावला, इथियोपिया दाखवला. खडीवरून आठ दिवसांनी परत आलेल्या सगुणानं विचारलं, "बाई, तितली लोकं लई काळी असत्यात म्हनं?"

"माझ्यासारखी."

वर्ग हसला. सगुणा हसली नाही. म्हणाली, "मंग बरं हाय. तुमाला करमंल."

१४ मार्च

इं. चं उत्तर. यावेळी पत्र टाइप केलेलं.

इंग्रजीची जागा 'दरम्यान भरली गेली'. पालक मुलींच्या उच्चारांबाबत फार काळजी करतात, वगैरे. मात्र माझ्यासाठी दुसरं काम काढलंय: लहान मुलींच्या निजायच्या खोल्यांवर देखरेख आणि आठवड्यातून दोनदा शिवणकाम. खोली तीच.

बसून विचार केला. माझा उच्चार यांनी जानेवारीत ऐकला नव्हता, मार्चातही ऐकलेला नाही. मधल्या काळात बदलला तो फक्त फोटो.

मिसबाईंचंही पत्र त्याच टपालानं. बिचाऱ्या विरघळून गेल्यात. 'माझ्या मुली, हे स्वीकार. एकदा आत ये, हळूहळू पुढची दारं उघडतील.' यांच्यावर रागावता येत नाही. त्यांनीच मला पहिलं इंग्रजी वाक्य शिकवलं.

आणि माझ्या शिवणीची टीप तर वाकडी येते!

१८ मार्च, रविवार. श्री'पूर

आत्याचं मत घ्यायची गरज पडली नाही, उंबऱ्यातच मिळालं. "जा की गं. शिवनकाम तर शिवनकाम, पर विलायत हाय. त्या काळ्या मुलखात जाशील तर आगीतून फुफाट्यात. हितं काय कमी काळी हायेस?"

"म्हणूनच जाते आत्या. तिथं उठून दिसणार नाही."

"उठून दिसली न्हाई तर लगीन कसं व्हायचं?" यावर आम्ही दोघी इतक्या हसलो की आत्याला ठसका लागला. रेशनवरच्या अमेरिकन मिलोची लाल भाकरी तव्यावर जळाली. मिलोची होती म्हणून कोणाला वाईट वाटलं नाही.

बाबांनी हात धुतल्यावर इं. चं पत्र मागितलं. 'शिवणकाम' या शब्दाखाली लाल रेघ मारली आणि म्हणाले, "माझ्या बापाला ओसरीवर बसवला. त्याला वाटलं, जवळ राहिलो तर कधी तरी आत घेतील. त्याची सारी शाळा तिथंच झाली. बेटा, ओसरी संगमरवरी असली तरी ओसरीच."

मी म्हटलं, पण बाबा, मिसबाईंना काय सांगू?

"त्यांना आभार कळव. त्या बाईनं तुला आत बसवून शिकवलं."

एस. टी. त बसल्यावर रडू आलं. शेजारच्या बाईनं न विचारता शेंगा दिल्या.

२० मार्च

इं. ला नकार. चार ओळी. निर्दोष.

मिसबाईंना चार पानं. आभारच मानले, पण पेन्सिलीची गोष्टही लिहिली. त्यांना हसू येईल असं वाटतं. कदाचित येणार नाही.

ट्रंकेच्या तळातून इथि. चा फॉर्म काढला. 'या देशात का शिकवू इच्छिता' याला तीन ओळींची जागा. गरज, सेवा, असलं काही लिहायला हात धजेना. लिहिलं: मला इंग्रजी चांगलं शिकवता येतं आणि मला वर्ग हवा आहे. फोटो नानांचा, नवा. डकवताना लीलानं सांगितलेली ती गोऱ्या मास्तरांची शाळा डोळ्यांपुढे होती. सरकारात तरी दुसरं काय, माणसंच बसतात.

लीलाची माफी मागितली. वाक्य वर्गाला वाचून दाखवायचं असेल तर दाखव, पण खाली लिहिणारीचं नाव सांग, म्हणजे मी आले तर त्यांनी आधी माझीच वेणी ओढावी.

२ एप्रिल

आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिकांनी बोलावलं. जूनपासूनच्या नेमणुकीवर सही हवी. "डॅनियलबाई, इंग्लंडचं तुम्ही स्वतः घालवलंत. आता हातचं सोडून पळत्याच्या मागं लागू नका. महिनाअखेरपर्यंत सांगा, नाहीतर मला दुसरी बाई बघावी लागेल."

चुकीचं काहीच बोलल्या नाहीत. पण सही केली नाही. का, ते बाहेर आल्यावरही नीट सांगता आलं नसतं.

२२ एप्रिल, रविवार. ईस्टर

पहाटेची उपासना. मंडळीत सगळे विचारतात, "विलायतेचं काय झालं?" मी सांगते, जमलं नाही, त्यांना शिंपीण हवी होती. पुढचं विचारायला थांबत नाहीत.

इथि. चं काही नाही. महिना होऊन गेला. परवा नानांच्या स्टुडिओवरून जाताना पाहिलं, माझा नवा फोटो काचेत लावलाय! गोऱ्या नवऱ्यांच्या आणि नवऱ्या मुलींच्या मधोमध मी. आत गेले. म्हणाले, "गिऱ्हाईक थांबून बघतंय. इचारत्यात, ह्या बाई कोन? म्या म्हनलं, मास्तरीन हाय."

२७ एप्रिल

आलं. जाड पाकीट, हिरवं तिकीट. इथि. मुलाखतीला मुंबईत बोलावलंय, पुढच्या महिन्यात. किती जागा, किती उमेदवार, काही लिहिलेलं नाही. लीलानं मागच्याच पत्रात लिहिलंय, होईल. मुख्याध्यापिका म्हणतात तोवर थांबता येणार नाही, सोमवारी सही करा किंवा सोडा. आत्या म्हणेल मुंबईत चांगली स्थळं असतात.

सही करणार नाही.

पत्राच्या तळाशी एक सूचना आहे: अर्जाला लावलेल्या फोटोची आणखी एक प्रत सोबत आणावी, मुलाखतीपूर्वी ती उमेदवाराच्या चेहऱ्याशी ताडून पाहिली जाईल.

प्रत काढून पर्समध्ये ठेवली. निवडतील की नाही ठाऊक नाही. ओळखतील मात्र.