जुन्या फरशीवर नवी

शनिवार, १४ नोव्हेंबर

ती. ताई, नमस्कार.

आज सकाळी पाणी भरलं, कपडे वाळत घातले, आईंचं औषध आणलं. बाथरूमच्या नव्या फरशीचं काम काल संपलं. नखांत त्याचा चिकटा अजून आहे, साबणाने जात नाही. तुमचा गुडघा कसा आहे? मुलांची परीक्षा झाली असेल.

फोन न करता लिहिते आहे, कारण फोनवर बोललं की आई ऐकतात. डोळे गेल्यापासून त्यांना भिंतीपलीकडचंही ऐकू येतं, तुम्हाला माहीतच आहे.

मागच्या महिन्यात त्या बाथरूममध्ये घसरल्या तेव्हा तुम्ही म्हणालात, "तुझ्याच्याने होत नसेल तर मी आईला कायमची घेऊन जाते." मी "नाही" एवढंच म्हणाले. त्यानंतर ठरवलं की फरशीच बदलायची, म्हणजे न्यायचं कारणच उरणार नाही.

गवंडी बघून गेला. म्हणाला, "सगळं फोडावं लागेल, वहिनी. आठ-दहा दिवस तरी धरून चला." तेवढे दिवस आईंना कुठे ठेवणार? मग दुकानदाराने व्हिनाइलच्या टाइल्स दाखवल्या. मागचा कागद सोलायचा आणि जुन्या फरशीवरच चिकटवायच्या. पाय घसरू नये म्हणून वरून जरा खरखरीत. "मिस्टरांना सांगा, एका रविवारचं काम आहे," म्हणाला. मी बरं म्हणाले. तुमचा भाऊ आता नाही, हे प्रत्येक काउंटरवर सांगायचा कंटाळा येतो.

मीच केलं. फरशी सोड्याने घासली, पंखा लावून वाळवली. तोवर आम्ही दोघी आंघोळीला शेजारी जात होतो. आई शेजारणीला म्हणाल्या, "माझी सून इंजिनीयर झालीय. तुझं काही पडलंझडलं असेल तर आत्ताच सांगून ठेव, पुढे भाव वाढेल."

दारापासून नळापर्यंत एक मोठी भेग होती, आठवते का? ती पुट्टीने भरली आणि घासून सपाट केली. खाली खड्डा राहिला तर वरची टाइल तिथेच दबते. मग मधोमध दोरा धरून पेन्सिलीने रेघा आखल्या. सुरुवात मधून करायची असते, म्हणजे कापलेले तुकडे भिंतीच्या कडेला जातात. कमोडच्या बुडाशी गोलाई आहे, तिथे आधी वर्तमानपत्र कापून माप घेतलं. तरी दोन टाइल्स वाया गेल्या. बसवलेल्या प्रत्येक टाइलवर काचेची बाटली फिरवून दाबत होते, तर बाहेरून आईंचा आवाज, "बाटली कसली गं? दिवसाढवळ्या?" खूप दिवसांनी आम्ही दोघी हसलो.

आज सकाळी आईंना म्हटलं, "चला, उद्घाटन करा."

त्यांनी एक पाय आत ठेवला आणि परत घेतला. पुन्हा ठेवला आणि अंगठ्याने जमीन चाचपत राहिल्या.

"इथली भेग कुठे गेली?"

"बुजवली, आई. आता सगळं सपाट आहे. घसरायची भीती नाही."

"आणि नळ कुठे ते मला कोण सांगणार?"

ताई, त्या भेगेला डावा अंगठा लावून त्या इतकी वर्षं नळापर्यंत जात होत्या. मला वाटायचं, पाय घासत चालायची सवय आहे. या घरात राहून मला ते कधी कळलं नाही. दार धरून त्या तशाच उभ्या राहिल्या. स्वतःच्या घरात त्यांना असं उभं राहिलेलं मी पाहिलं नव्हतं.

मी म्हटलं, "काढते सगळं. भेग उघडी करते." ब्लेड घेऊन दाराजवळच्या टाइलचा कोपरा उचललासुद्धा. आवाज ऐकून आई खाली बसल्या आणि माझं मनगट धरलं.

"राहू दे. चांगलं झालंय, हाताला कळतंय मला. मला लेकीकडे पोचव. कधीची बोलावतेय ती."

"फरशीसाठी जाता?"

"फरशीचं काय गं, फरशी पुन्हा शिकले असते." मनगट न सोडता म्हणाल्या, "संध्याकाळी दाराची कडी वाजते ना, मला वाटतं तो आला. रोज वाटतं. दूधवाला असतो, शेजारीण असते, तू असतेस. तुला दिसतं कोण आहे ते. मला मात्र कुणी बोलेपर्यंत तो आलेलाच असतो."

मी ऑफिसातून आले की आई "तूच का" म्हणतात. मला ते लागायचं. वाटायचं, एवढी दमून येते आणि हे ऐकायचं. आज कळलं.

तेव्हा पुढच्या रविवारी या. जिजाजींना बरोबर आणा, बॅग जड होईल. आईंच्या खोलीतली एकही वस्तू सांगितल्याशिवाय हलवू नका. भूक नाही म्हणतात, पण समोर ताट आलं की जेवतात. आणि घरी कोणी आलं की कडीला हात लावायच्या आधी बोलायला सांगा. मुलांनाही सांगा. एवढं कराच.

तुम्हाला नाही म्हणाले ते आईंच्या सोयीचं बघून म्हणाले, असं मला वाटत होतं. तसं नव्हतं. कुणीतरी "तूच का" म्हणणारं घरात असावं, एवढंच होतं. हे आईंना सांगू नका. त्या राहतील, आणि मग रोज ती कडी वाजेल.

टाइलचा उचललेला कोपरा तसाच आहे. पाणी शिरलं तर खालून सगळं सुटत जाईल. पत्र पाकिटात घालते आणि तो दाबून बसवते.

तुमची,
भावजय